हा ठेका कुणाचा?

माझा विषय उर्दू आणि मराठी. बी.एड. झाल्यापासून हेच शिकवत आलो आहे. राहायला जुन्नरला, नोकरी आंबेगाव तालुक्यात. वाद्य म्हणाल तर एकही वाजवता येत नाही. तरीही गेल्या उन्हाळ्याच्या सुटीतले तीन आठवडे मी संगीताच्या फायली लावण्यात घालवले. घरात सगळ्यांना याचे हसू आले. पण त्या तीन आठवड्यांत जे काही समजले ते केवळ संगणकाचे नव्हते, म्हणून लिहून ठेवतो आहे.

माझ्या भाच्याचे नारायणगावात रेकॉर्डिंगचे छोटे दुकान आहे. तो त्याला स्टुडिओ म्हणतो. एका खोलीचे दोन भाग केलेले, भिंतीला जुन्या गाद्या आणि जाड पडदे, एक माइक, एक कीबोर्ड, एक संगणक. कामे नाना प्रकारची. यात्रेची गाणी, भजनी मंडळांचे अभंग, रबीउल अव्वलच्या महिन्यात नात, निवडणूक लागली की प्रचाराची गाणी, आणि बिबट्या दिसला की गावातून फिरणाऱ्या गाडीसाठी ‘लहान मुलांना एकटे सोडू नका’ अशी सूचना. जुन्नर-आंबेगावच्या माणसाला हे शेवटचे काम समजावून सांगावे लागणार नाही.

आणि यात तमाशा येतोच. नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांचे हे गाव, विठाबाईंचे हे गाव. गुढीपाडव्याच्या आसपास इथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रा कमिटीवाले सुपारी द्यायला येतात. आता फडात ढोलकी, हलगी, तुणतुण्याबरोबर कीबोर्ड आणि ऑक्टापॅडही असतो. ऑक्टापॅडवर काठी मारली की ढोलकीचा, ताशाचा, संबळाचा, जो भराल तो आवाज येतो. या आवाजांना आमच्याकडे ‘टोन’ म्हणतात. टोन पेनड्राइव्हमधून विकले जातात, बदलून घेतले जातात, उसने दिले जातात. भाच्याच्या धंद्याचा मोठा भाग हाच आहे.

ज्यांना यातले काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. संगणकावर गाणे बनवताना एक मुख्य सॉफ्टवेअर असते. त्याला जोडून चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमना प्लगइन म्हणतात. एक प्लगइन आवाजाला घुमारा देतो, एक चढउतार सावरतो, एक स्वतःच वाद्य होतो. स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने १९९६ मध्ये व्हीएसटी नावाची पद्धत आणली आणि तेव्हापासून एका कंपनीचा प्लगइन दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये चालू लागला. वाद्य होणाऱ्या प्लगइनला लागतात सॅम्पल, म्हणजे खऱ्या वाद्याचे, खऱ्या माणसाने वाजवलेले तुकडे. ढोलकीचा एकच बोल हळू, मध्यम आणि जोरात असा तीन ताकदींनी घ्यायचा. प्रत्येक ताकदीचा चार-चार वेळा घ्यायचा, नाहीतर तोच तो आवाज पुन्हा येऊन यंत्र वाजल्यासारखे वाटते. म्हणजे एका बोलाच्या बारा फायली. दहा बोलांच्या एकशेवीस. अशा तुकड्यांच्या संग्रहाला सॅम्पल लायब्ररी म्हणतात.

लायब्ररी! मी शाळेत काही वर्षे ग्रंथालय सांभाळले आहे. म्हणून हा शब्द ऐकला की माझ्या डोळ्यांसमोर दाखल क्रमांक, कपाट क्रमांक आणि लाल शाईची वही येते. भाच्याच्या लायब्ररीत यातले काहीच नव्हते. संगणकातली छोटी ड्राइव्ह काठोकाठ भरलेली, बाहेरच्या दोन हार्ड डिस्क, एक जुनी बंद पडायला आलेली, आणि डब्यात मूठभर पेनड्राइव्ह. आत ‘न्यू फोल्डर’, ‘न्यू फोल्डर २’, ‘ढोलकी फायनल’, ‘ढोलकी फायनल खरी’, ‘यात्रा जुने’, ‘पाहायचे आहे’. मी विचारले तर म्हणाला, “मामू, मेरेकू सब याद है, कौनसी फाइल कां पडी है.”

त्याला खरेच आठवत होते. प्रश्न आला तो दुसऱ्याच बाजूने.

एका फडात अनेक वर्षे ढोलकी वाजवलेले एक गृहस्थ कोरोनाच्या काळात गेले. भाच्याने त्यापूर्वी एकदा त्यांना बसवून ढोलकीचे बोल घेतले होते, त्याचे पैसेही दिले होते. परवा त्यांचा मुलगा आला. म्हणाला, “भाई, आण्णांचं वाजवणं असेल ना तुमच्याकडं? मोबाइलमध्ये घालून द्या. घरी एक फोटो आहे, आवाज काहीच नाही.”

भाचा शोधायला बसला. ढोलकीच्या सहाशेहून जास्त फायली निघाल्या, पण सगळे तुकडे. कुठे डाव्या पुडीचा एक घुमारा, कुठे उजव्या पुडीचा एक टणत्कार, कुठे चार मात्रांचा ठेका. शिवाय त्याच महिन्यात आणखी दोन ढोलकीवाले येऊन गेले होते, त्यांचेही तुकडे त्यातच मिसळलेले. आण्णा कोणते आणि बाकीचे कोणते, हे फायलीच्या नावावरून कळायला मार्ग नव्हता. हे बोल भाच्याने शेकडो गाण्यांत वापरले होते. पेनड्राइव्हमधून ते कुठल्या कुठल्या गावांत गेले असतील त्याचा हिशेब नाही. म्हणजे यात्रेच्या दिवसांत या दोन तालुक्यांत आण्णा रोज कुठे ना कुठे वाजत होते, आणि त्यांच्या मुलाला द्यायला त्यांच्या नावाची एक फाइल नव्हती.

मी दोन भाषा शिकवतो, त्यामुळे मला लगेच एक गोष्ट आठवली. उर्दू गझलेच्या शेवटच्या शेरात, मक्त्यात, शायर आपला तखल्लुस घालतो. मराठी लावणी-पोवाड्यात शाहीर शेवटी नाममुद्रा घालतो. होनाजी घालत, रामजोशी घालत, जेजुरीचे सगनभाऊही घालत. सगनभाऊ मुसलमान शिकलगार होते हे आपल्याकडे अजून पुष्कळांना माहीत नसते, पण त्यांची लावणी त्यांच्याच नावावर राहिली, कारण नाव कवनाच्या आत होते. ते काढायचे तर ओळच मोडते. ढोलकीवाल्याला अशी सोय नाही. ठेक्यात नाव घालता येत नाही. फडाच्या बोर्डावर मालकाचे किंवा मालकिणीचे नाव असते. विठाबाईंच्या नावाने राज्य सरकारचा जीवनगौरव पुरस्कार आहे, तो असायलाच हवा. पण त्यांच्या मागे उभे राहून ज्यांनी ढोलकी कडकडवली त्यांतली किती नावे आपल्याला सांगता येतील?

हे फक्त आपल्याकडेच होते असेही नाही. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या ‘द विन्स्टन्स’ या बँडने ‘आमेन, ब्रदर’ नावाची एक धून काढली. त्यात मध्येच बाकी वाद्ये थांबतात आणि ग्रेगरी कोलमन नावाचा ड्रमवादक एकटा चार आवर्तने वाजवतो. जेमतेम सहा-सात सेकंद. सॅम्पलरचे दिवस आले तेव्हा तो तुकडा कापून हजारो गाण्यांत वापरला गेला. नृत्यसंगीताचे काही प्रकार त्याच्याच पायावर उभे राहिले. कोलमन २००६ मध्ये वारले तेव्हा त्यांना राहायला घर नव्हते. त्या तुकड्याचे मानधन त्यांना मिळाले नाही. बँडच्या प्रमुखासाठी चाहत्यांनी पुढे २०१५ मध्ये वर्गणी काढली, पण तोवर कोलमन राहिले नव्हते.

भाच्याला हे सांगितले तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “मामू, बताओ, कहां से शुरू करना?”

माझ्याकडे एकच विद्या होती, शाळेच्या दप्तराची. शाळेत मूल दाखल झाले की जनरल रजिस्टरला त्याचा एक नंबर पडतो. पुढे ते पाचवीतून सहावीत जाते, तुकडी बदलते, बाक बदलतो, शाळा सोडून जाते. रजिस्टर नंबर बदलत नाही. चाळीस वर्षांनी दाखला मागायला आले तरी त्याच नंबरवर सापडते. कुठे बसतो यावरून मुलाची ओळख ठरत नाही. आम्ही फायलींना हेच लावले. प्रत्येक वादकाला एक नंबर, त्याच्या प्रत्येक बैठकीला एक नंबर, आणि त्या बैठकीतल्या तुकड्यांना क्रमांक. फाइल कोणत्या ड्राइव्हवर आहे ही गोष्ट नावात घालायची नाही. ती वहीत, पेन्सिलीने. कारण जागा बदलणार.

जागा खरोखर बदलत होतीच. भाच्याची बाहेरची डिस्क कधी ‘ई’ नावाने लागायची, आधी पेनड्राइव्ह लावलेला असला की ‘एफ’ नावाने. मग सगळी लायब्ररी ‘सापडत नाही’ म्हणून लाल अक्षरांत यायची आणि गिऱ्हाइकासमोर दहा मिनिटे जायची. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन त्या डिस्कला कायमचे एक अक्षर देता येते. आम्ही ‘एस’ दिले, सॅम्पलचा एस. पेनड्राइव्ह सहसा त्या अक्षरापर्यंत पोचत नाहीत. एवढ्यानेच निम्मी कटकट गेली.

दुसरी गोष्ट, प्लगइन आणि सॅम्पल यांची फारकत. प्लगइन म्हणजे प्रोग्रॅम. तो आकाराने बहुधा लहान असतो आणि मुख्य ड्राइव्हवरच ठेवावा. व्हीएसटीच्या तिसऱ्या पिढीचे प्लगइन विंडोजमध्ये ‘कॉमन फाइल्स’मधल्या ठरलेल्या फोल्डरमध्येच बसतात, त्यामुळे ते शोधावे लागत नाहीत. दुसऱ्या पिढीचे जुने प्लगइन मात्र जो तो आपल्या मर्जीने कुठेही टाकायचा. ते सगळे एका फोल्डरमध्ये आणले आणि मुख्य सॉफ्टवेअरला तेवढाच पत्ता दिला. सॅम्पल जड असतात, ते बाहेरच्या डिस्कवर. त्यातही रोज लागणारे एसएसडीवर, कारण वाजवता वाजवता ते डिस्कवरून वाचले जातात आणि फिरती जुनी डिस्क मागे पडते. कधीतरी लागणारे साध्या हार्ड डिस्कवर.

तिसरी गोष्ट, मूळ रेकॉर्डिंग वेगळे ठेवायचे आणि कधीही कापायचे नाही. चांगल्या दर्जाच्या स्टिरिओ रेकॉर्डिंगला मिनिटाला साधारण सतरा एमबी लागतात. तासाला एक जीबीच्या जरा वर. आजच्या डिस्कच्या मानाने हे काहीच नाही. त्याच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी. ती दुसरी जागा म्हणजे जुन्नरला माझे कपाट.

चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. वही हरवू शकते, फाइल पेनड्राइव्हमधून वहीपासून दूर जाते. म्हणून नाव फायलीच्या आतच लिहायचे. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने १९९७ मध्ये वेव्ह फायलीचा एक प्रकार ठरवून दिला. त्यात आवाजाबरोबरच वर्णन, कर्ता आणि तारीख लिहायला जागा असते. ही माहिती ऐकू येत नाही, आवाजाला धक्का लागत नाही, पण साधी कॉपी केली की ती बरोबर जाते. भाचा वापरतो त्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय पहिल्यापासून होती. तिकडे कुणी पाहिले नव्हते. माझ्या दृष्टीने हा ढोलकीवाल्याचा मक्ता. त्याची नाममुद्रा इथे बसते. कुणी मुद्दाम पुसली तर पुसता येते, हे खरे. पण निदान पुसावी लागेल, आपोआप गळून पडणार नाही.

फायलींची नावे कोणत्या लिपीत लिहावीत यावर आमचा वाद झाला. मी देवनागरीच्या बाजूचा. पण जुन्या प्लगइनमध्ये देवनागरीचे चौकोन झाले, आणि नातच्या फायलींना उर्दूत नाव दिले तर उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या अक्षरांत आकडे भलतीकडेच उडी मारून बसले. शेवटी फायलीला रोमन अक्षरे आणि आकडे, वहीत पूर्ण नाव मराठीत, नातच्या बाबतीत उर्दूतही. नातला एक खूण जास्तीची लागली. काही जणांना दफ चालतो, काही जणांना कोणतेच वाद्य नको, फक्त आवाज. दोन्ही प्रती एकाच नावाच्या असल्या की ऐन कार्यक्रमात भलतीच वाजते आणि नाहक मने दुखावतात. आता ‘दफसह’ आणि ‘बिनावाद्य’ हे नावातच आहे.

राहिला मोठा प्रश्न, तुकड्यांवर नावे कशी घालायची. आम्ही आण्णांच्या मुलाला आणि फडातल्या दोन जुन्या माणसांना बोलावले. चहा ठेवला आणि एकेक तुकडा लावला. मुलगा पहिल्याच दहा मिनिटांत म्हणाला, “हे आण्णांचं नाही. आण्णांची पुडी चढलेली असायची.” एका जुन्या साथीदाराने डोळे मिटून दुसऱ्या ढोलकीवाल्याचे नाव घेतले आणि तो कोणत्या गावचा, कुणाच्या हाताखाली शिकला, हेही सांगितले.

वहीत मी एक रकाना वाढवला: ‘ओळख कुणी पटवली’. हदीसच्या अभ्यासात नुसता मजकूर पुढे करून भागत नाही. तो कुणी कुणाकडून ऐकला ही साखळी, सनद, आधी तपासतात. साखळीतला माणूस कोण, त्याची स्मरणशक्ती कशी, यावरही ग्रंथ आहेत. लहानपणी मदरशात ऐकलेले हे शब्द ढोलकीच्या वहीत उपयोगी पडतील असे कधी वाटले नव्हते. ज्याने स्वतः ऐकले त्याचे नाव लिहायचे, दोघांचे एकमत नसेल तर दोन्ही मते लिहायची, आणि कुणालाच ओळख पटली नाही तर रकाना कोरा ठेवायचा. अंदाजाने नाव टाकायचे नाही. चुकीचे नाव कोऱ्या रकान्यापेक्षा वाईट.

त्या शोधात ‘न्यू फोल्डर ७’मध्ये आण्णांच्या बैठकीचे न कापलेले अकरा मिनिटांचे रेकॉर्डिंग सापडले. त्यात मध्ये ते खोकतात, पाणी मागतात, पुडी ताणतानाचा आवाज येतो, मग म्हणतात, “हां, घे आता.” सॅम्पल तयार करताना भाच्याने हे सगळे कापले होते, धंद्याच्या दृष्टीने तो कचराच. मुलाला तेच हवे होते. त्याने ढोलकी एकदा ऐकली आणि ‘हां, घे आता’ चार वेळा.

या निमित्ताने कायदाही वाचला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये जी दुरुस्ती झाली तिने कलाकाराला, म्हणजे वादकालाही, आपल्या सादरीकरणाचा कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा हक्क दिला. पैसे चुकते केले म्हणजे नाव पुसण्याची मुभा मिळाली असे नाही. भाचा आता बैठकीआधी एक पानाचा मराठी कागद करतो. काय घेणार, कुठे वापरणार, किती पैसे, नाव कसे लिहायचे. सही किंवा अंगठा.

आणि मग ओघाने दुसरा विषय निघालाच. भाच्याच्या संगणकावर कुलूप तोडून आणलेले प्लगइन होते. बाजारात बहुतेकांकडे असतात. डिस्क हलवली की ते बंद पडतात, त्यांच्याबरोबर व्हायरस येतात, हे झाले व्यवहाराचे कारण. पण एका बाजूला ढोलकीवाल्याचा हक सांभाळायचा आणि दुसऱ्या बाजूला प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचा बुडवायचा, हे जमत नाही. त्याने यादी केली तर खरे लागणारे प्लगइन चौदा निघाले. त्यांतल्या नऊंना फुकट आणि रीतसर पर्याय सापडले, दोन विकत घेतले, तीन सोडून दिले. मुख्य सॉफ्टवेअर त्याने आधीच रीतसर घेतले होते. काही कामे आता त्याला पहिल्यासारखी झटपट होत नाहीत. त्याची तक्रार तो करतो, मी ऐकून घेतो.

आंबेगाव तालुक्यात नोकरी करताना एक गोष्ट रोज आठवते. ज्या गावावरून तालुक्याला नाव पडले ते जुने आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. कचेरी घोडेगावला, बाजार मंचरला. तरी तालुका आंबेगावच. जागा गेली आणि नाव राहिले, कारण ते सातबाऱ्यावर, दाखल्यावर, एसटीच्या पाटीवर लिहिलेले होते. लिहिलेले टिकते.

आपल्या पुणे जिल्ह्यात याचे मोठे उदाहरणही झालेले आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या ओव्या गावोगाव फिरून जमवल्या. बर्नार्ड बेल यांनी त्यांच्या ध्वनिमुद्रणाचे आणि संगणकावरच्या नोंदींचे काम उभे केले. एक लाखाहून अधिक ओव्या. त्या आता ‘पारी’च्या संकेतस्थळावर येत आहेत. तिथे ओवीबरोबर गाणारीचे नाव आहे, गाव आहे. पिठाबरोबर उडून जाणारी गोष्ट नावानिशी राहिली. त्यांच्याकडे संस्था होती, अभ्यासक होते. आपल्याकडे एक वही असली तरी सुरुवात होते.

आमच्या वहीत अजून एकशे सत्तर तुकड्यांसमोर रकाना कोरा आहे. हलगीचे आहेत, तुणतुण्याचे आहेत, एका म्हाताऱ्या फकिराच्या दफाचे आहेत. तो मंचरच्या बाजूला यायचा एवढेच कळले आहे. भाचा दर जुम्याला दुपारनंतर दुकान तासभर बंद ठेवून त्यातले दहा-वीस कुणाला तरी ऐकवतो.

तुमच्या मोबाइलमध्ये, जुन्या संगणकात, कॅसेटच्या डब्यात कुणाचे तरी गाणे, वाजवणे, नात, कव्वाली, भारूड, आजीची ओवी असेल. ती ओळखणारी माणसे अजून बसली-उठती आहेत तोवर तीन गोष्टी लिहून घ्या. कोण, कुठला, कुणी सांगितले. ड्राइव्ह कोणती, फोल्डर कोणता, हे नंतर सावकाश पाहता येते.